‘कशावरून?’ : यीस्ट, पॅरामेशियम आणि हिवतापाच्या जीनोम डेटाबेसमधून शिकवता येणारा एक धडा



सूक्ष्मजीवांचा पाठ घेताना आपण फळ्यावर अमिबा काढतो, चपलेच्या तळव्यासारखा पॅरामेशियम काढतो, यीस्टला फुटलेली कळी दाखवतो. भागांना नावं देतो आणि पाठ संपतो. मुलांचा समज असा होतो की एकच तर पेशी आहे, यात कळायचं ते सगळं कधीच कळून झालं असणार.

प्रत्यक्षात तसं नाही. यातल्या बऱ्याच जिवांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएची सगळी अक्षरं, आज इंटरनेटवर ठेवलेली आहेत. यीस्टसाठी वेगळा डेटाबेस आहे, पॅरामेशियमसाठी वेगळा, हिवतापाच्या परजीवीसाठी वेगळा. जगभरातले संशोधक सकाळी प्रयोगशाळेत आले की जी पानं उघडतात, त्यातली बरीचशी पानं आपल्या शाळेतल्या संगणकावरही उघडतात.

पण हा लेख ‘बघा, किती माहिती आहे’ एवढं सांगण्यासाठी नाही. माहिती मुलांना मोबाईलवर हवी तेवढी मिळते. या डेटाबेसची खरी शिकवण वेगळी आहे. तिथे प्रत्येक विधानाशेजारी ‘हे कशावरून?’ याचं उत्तर लिहिलेलं असतं. ते उत्तर वाचायची सवय मुलांना लागली, तर ती फक्त जीवशास्त्रापुरती राहत नाही.

डेटाबेस म्हणजे काय? सातबारा आठवा

जीनोम म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबच लांब ओळ. नुसती ओळ कुणाच्याच कामाची नाही. जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, त्यापासून कोणतं प्रथिन तयार होतं, ते प्रथिन पेशीत काय करतं, हे त्या ओळीवर नोंदवावं लागतं. या नोंदींमुळेच अक्षरांच्या ढिगाचा डेटाबेस होतो.

आपल्याकडचं सोपं उदाहरण सातबाऱ्याचं. त्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, खातेदाराचं नाव असतं. आणि नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो, म्हणजे हे नाव इथे कोणत्या नोंदीने आलं ते. वारसाने आलं की खरेदीखताने आलं, हे त्या फेरफारावरून शोधता येतं. जनुकाचं पानही असंच असतं. जागा, लांबी, काम, आणि प्रत्येक नोंदीमागचा फेरफार.

या नोंदी आपोआप होत नाहीत. ‘क्युरेटर’ म्हणजे नोंदी ठेवणारे अभ्यासक शोधनिबंध वाचतात, त्यातून कोणत्या जनुकाबद्दल काय सिद्ध झालं ते काढतात आणि पानावर लिहितात. जे माणसांकडून होत नाही ते संगणक भरतो. हा फरक पुढे फार महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.

पहिली ओळख : पावाच्या यीस्टची

मुलांना सुरुवात यीस्टपासूनच करून द्या. पाव फुगवणारं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, हे केंद्रक असलेल्या सजीवांपैकी पहिलं, ज्याचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. साल १९९६. युरोप, अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या सुमारे ६०० शास्त्रज्ञांनी गुणसूत्रं वाटून घेऊन हे काम केलं. यीस्टची १६ गुणसूत्रं, साधारण १ कोटी २० लाख अक्षरं आणि सुमारे ६,००० जनुकं. त्याचा डेटाबेस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून चालतो. नाव ‘सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस’, थोडक्यात एसजीडी.

तिथे शोधायला एक जनुक सुचवतो : ‘एडीई२’. कारण त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. यीस्टच्या वसाहती एरवी मळकट पांढऱ्या असतात. हे जनुक बिघडलं की त्या लालसर होतात. ॲडेनिन बनवण्याच्या साखळीत एक पायरी या जनुकाच्या विकराची आहे. विकर नसलं की आधीच्या पायरीवरचा पदार्थ साचतो आणि त्यापासून लाल रंगद्रव्य तयार होतं. नळ तुंबला की पाणी मागे साठतं, तसंच.

आता या जनुकाचं दुसरं, अधिकृत नाव बघा : वाय-ओ-आर-१२८-सी. हे नाव नाही, हा पत्ता आहे. फळ्यावर लिहा आणि मुलांना एकेक अक्षर सोडवायला सांगा :

- वाय म्हणजे यीस्ट.
- ओ हे इंग्रजी वर्णमालेतलं १५ वं अक्षर, म्हणून गुणसूत्र क्रमांक १५.
- आर म्हणजे गुणसूत्राची उजवी भुजा.
- १२८ म्हणजे मध्यबिंदूकडून, सेंट्रोमिअरपासून, मोजत गेल्यावर १२८ वं.
- सी म्हणजे क्रिक धागा. डीएनएच्या दोन धाग्यांना इथे वॉटसन आणि क्रिक अशी नावं दिली आहेत.

मग पडताळा घ्या. एसजीडीच्या ‘जीनोम ब्राउझर’मध्ये, म्हणजे गुणसूत्राच्या नकाशात, हे जनुक बाणासारखं दिसतं आणि त्याचं टोक डावीकडे असतं. का? कारण क्रिक धागा उलट दिशेने वाचला जातो. पत्त्यातलं शेवटचं अक्षर नकाशात दिसलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

एक गणितही करून घ्या. एडीई२ च्या प्रथिनात ५७१ अमिनो आम्लं आहेत. प्रत्येकासाठी तीन अक्षरं, म्हणजे १,७१३. शेवटी ‘थांबा’ सांगणारी तीन अक्षरं, एकूण १,७१६. आता पानावर दिलेली जनुकाची लांबी पाहा, जुळते का ते. (या जनुकात मध्ये इन्ट्रॉन नाहीत, म्हणून हिशोब सरळ लागतो.) आपण वहीत काढलेलं उत्तर आणि जगातले संशोधक वापरतात ती नोंद एकच निघते, हे मुलांनी एकदा स्वतः अनुभवायला हवं.

आता मुद्द्याचं : शेजारची छोटी अक्षरं

जनुकाच्या पानावर ‘जीन ऑन्टॉलॉजी’ असा एक भाग असतो. जनुकाचं काम सगळ्या डेटाबेसमध्ये एकाच ठरलेल्या भाषेत लिहावं, म्हणून ही पद्धत १९९८ पासून विकसित केली गेली. तिथे जनुकाच्या प्रत्येक कामापुढे छोटा संकेत असतो. मुलं तो वगळून पुढे जातात, आपणही जातो. पण सगळी गंमत तिथेच आहे. चार संकेत माहीत असले तरी पुरे :

- आयडीए : प्रयोगात थेट दिसलं.
- आयएमपी : जनुक बिघडवून पाहिलं, मग काय बिघडतं त्यावरून काम कळलं. लाल यीस्टचा दाखला या जातीचा.
- आयएसएस : दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या जनुकाशी साम्य आहे, त्यावरून अभ्यासकाने ठरवलं.
- आयईए : संगणकाने भरलं. ही एकेक नोंद माणसाने तपासलेली नाही.

चारही नोंदी पानावर सारख्याच ठसठशीत दिसतात. पण त्यांचं वजन सारखं नाही. कोर्टात प्रत्यक्ष पाहिलेल्याची साक्ष आणि ऐकीव साक्ष यात जो फरक, तोच इथे आहे. ऐकीव म्हणजे खोटं असं नव्हे. संगणकाने भरलेल्या नोंदी कित्येकदा बरोबर असतात आणि त्यांच्याशिवाय नव्या जीनोमचं काम हलणारही नाही. पण त्यावर पुढची इमारत बांधायची असेल तर आधी तपासावं लागतं.

एसजीडी आणखी एक प्रामाणिकपणा दाखवतो. तिथे जनुकांची तीन गटांत विभागणी आहे : पुराव्याने पक्की झालेली, अजून काम न कळलेली आणि संशयास्पद. संशयास्पद म्हणजे संगणकाला जनुकासारखं वाटलं, पण खरं जनुक असण्याचा पुरेसा पुरावा नाही. १९९६ पासून जगभर अभ्यास चालू असलेल्या, एका पेशीच्या या जिवात आजही ‘माहीत नाही’ असं लिहिलेली पानं आहेत. मुलांना ती पानं जरूर दाखवा. ‘माहीत नाही’ हे शब्द अधिकृत ठिकाणी छापलेले त्यांना फार कमी वेळा दिसतात.

ब्लास्ट : साम्य शोधणारं साधन

समजा एखाद्या संशोधकाला नव्या जिवात एक अनोळखी जनुक सापडलं. तो सर्वात आधी काय करतो? त्याची अक्षरं ‘ब्लास्ट’ नावाच्या साधनात टाकतो. १९९० मध्ये आलेलं हे साधन आपली ओळ डेटाबेसमधल्या ओळींशी ताडून पाहतं आणि जिथे जिथे जुळतं त्यांची यादी देतं. अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी केंद्राच्या संकेतस्थळावर ते मोफत वापरता येतं.

यादीत एक आकडा असतो, ‘ई-व्हॅल्यू’. इतकं चांगलं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडू शकेल, हे तो सांगतो. आकडा जितका शून्याजवळ, तितका योगायोग अशक्य.

मुलांना हे असं समजवा. ‘पाटील’ एवढंच आडनाव दोन याद्यांत जुळलं तर काही सिद्ध होत नाही, महाराष्ट्रात पाटील गावोगावी आहेत. पण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख सगळंच जुळलं, तर तो योगायोग म्हणता येत नाही. लहान तुकडा जुळणं म्हणजे आडनाव जुळणं. लांब ओळ जुळणं म्हणजे सगळा तपशील जुळणं.

पण इथेही ‘कशावरून?’ विचारायचंच. साम्यावरून नातं कळतं, काम कळेलच असं नाही. एका घरातले दोन सख्खे भाऊ चेहऱ्याने सारखे असतात, म्हणून एक एसटीत कंडक्टर आहे तर दुसराही असेल असं आपण म्हणतो का? जनुकांचंही तसंच. नात्यातली दोन जनुकं काळाच्या ओघात वेगळी कामं करू लागलेली असतात.

आणि धोका कुठे आहे तर नकलेत. एका जनुकाला चुकीचं काम चिकटलं, दुसऱ्याने साम्यावरून तेच उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. एका वहीतली चूक चाळीस वह्यांत कशी जाते, हे आपल्याला कुणी सांगायला नको! म्हणून प्रथिनांच्या ‘युनिप्रॉट’ डेटाबेसमध्ये दोन कप्पेच वेगळे केलेले आहेत : माणसाने तपासलेल्या नोंदी आणि न तपासलेल्या. न तपासलेला कप्पा कित्येक पटींनी मोठा आहे.

आकड्यांचंही असंच होतं. अमिबाचा जीनोम माणसाच्या शेकडो पट मोठा, ६७० अब्ज अक्षरांचा, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. तो आकडा १९६० च्या दशकातल्या मोजमापावरून आला. तेव्हा अख्ख्या पेशीतला डीएनए मोजला होता. त्यात जीनोमच्या अनेक प्रती आणि खाल्लेल्या जिवांचा डीएनएही येऊ शकतो. म्हणून आज तो विश्वासार्ह मानत नाहीत. तरी प्रश्नमंजूषांमध्ये तो फिरतोच आहे.

पॅरामेशियमची गुगली

साधन बरोबर आहे, अक्षरं बरोबर आहेत, तरी उत्तर चुकतं, असं होऊ शकतं का? होतं. त्यासाठी पॅरामेशियमकडे जाऊ.

दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात मुलं शिकतात की तीन अक्षरांचा एक कोडॉन आणि टीएए, टीएजी, टीजीए हे तीन कोडॉन म्हणजे ‘थांबा’. (आरएनएमध्ये टी च्या जागी यू असतो, इथे डीएनएची अक्षरं घेतली आहेत.) बहुतेक सजीवांत हे खरं आहे. पण १९८५ मध्ये लक्षात आलं की पॅरामेशियममध्ये टीएए आणि टीएजी हे ‘थांबा’ नाहीतच. ते ग्लुटामाइन या अमिनो आम्लासाठी वापरले जातात. थांबायची खूण फक्त एकच, टीजीए.

सरावासाठी मी तयार केलेली ही छोटी ओळ मुलांना द्या :

एटीजी – जीसीटी – टीएए – जीजीटी – सीएए – टीजीए

नेहमीच्या तक्त्याने वाचलं तर : मिथिओनिन, ॲलनिन, थांबा. दोनच अमिनो आम्लं.

पॅरामेशियमच्या तक्त्याने वाचलं तर : मिथिओनिन, ॲलनिन, ग्लुटामाइन, ग्लायसिन, ग्लुटामाइन, थांबा. पाच अमिनो आम्लं.

अक्षरं तीच, प्रथिन वेगळं. एनसीबीआयच्या ‘ओआरएफ फाइंडर’ या साधनात म्हणूनच कोणता तक्ता वापरायचा हे निवडायला लागतं. पॅरामेशियमसारख्या केसल जिवांचा तक्ता क्रमांक ६. तो न निवडता कुणी पॅरामेशियमचं जनुक टाकलं, तर साधन कुरकूर न करता तुकडे झालेलं उत्तर देईल. साधनाला प्रश्न कळत नाही, तो आपल्याला कळावा लागतो. आजकाल मुलं सगळंच यंत्राला विचारतात. त्यांच्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

जाता जाता : पॅरामेशियमचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे ४०,००० जनुकं निघाली. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००. पॅरामेशियमच्या पूर्वजांत अख्खा जीनोम एकाहून अधिक वेळा दुप्पट झाला, त्याचा हा परिणाम. जास्त जनुकं म्हणजे जास्त प्रगत, हा समजही इथेच गळून पडतो.

एका अक्षराची किंमत : हिवताप

‘हे सगळं ठीक आहे, पण उपयोग काय?’ असं पालक विचारतात, आणि विचारायलाच हवं. उत्तरासाठी हिवताप घेऊ. गडचिरोलीच्या मुलांना हा आजार पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

हिवतापाचा सर्वात घातक प्रकार करणारा परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम, हाही एकपेशीयच. त्याचा जीनोम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रं, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं, जवळपास ५,३०० जनुकं. आणि त्यावेळी यातल्या सुमारे ६० टक्के प्रथिनांचं काम काय, याचा अंदाजही करता येत नव्हता, कारण ती ओळखीच्या कुठल्याच प्रथिनाशी पुरेशी जुळत नव्हती. त्याचा डेटाबेस म्हणजे ‘प्लाझ्मोडीबी’.

या आजारावरचं आजचं मुख्य औषध आर्टेमिसिनिन गटातलं. ते शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण पश्चिम कंबोडियात असं दिसू लागलं की काही रुग्णांच्या रक्तातून परजीवी जायला जास्त दिवस लागतात. औषधाला परजीवी दाद देईनासा झाला होता. कोणत्या जनुकामुळे?

संशोधकांनी प्रयोगशाळेत एक परजीवी वाढवला आणि त्याला तब्बल पाच वर्षं अधूनमधून आर्टेमिसिनिन दिलं. तो औषध सोसू लागला. मग त्याचा जीनोम, औषध न दिलेल्या त्याच्याच भावंडाच्या जीनोमशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. मोजक्याच जनुकांत बदल सापडले. त्यातलं एक होतं १३ व्या गुणसूत्रावरचं ‘केल्च-१३’. मग कंबोडियातल्या रुग्णांचे परजीवी तपासले, तर तिथेही याच जनुकात बदल! २०१४ मध्ये हे छापून आलं.

प्लाझ्मोडीबीत या जनुकाचा क्रमांक पीएफ-३डी७-१३४३७०० असा आहे. यीस्टचा पत्ता सोडवलेली मुलं इथे स्वतःच सांगतील : पीएफ म्हणजे परजीवीचं नाव, ३डी७ म्हणजे तो वाण, सुरुवातीचे १३ म्हणजे गुणसूत्र. या प्रथिनात ७२६ अमिनो आम्लं आहेत. कंबोडियात सर्वाधिक पसरलेल्या बदलात ५८० व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन आलं होतं. डीएनएत बघाल तर टीजीटी चं टीएटी झालं. मधल्या जी चा ए. दोन कोटी तीस लाखांतलं एक अक्षर.

या एका अक्षरामुळे कुठल्या भागात औषध कमी चालेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. रुग्णाच्या रक्ताच्या थेंबातून परजीवीचा डीएनए काढायचा आणि हे जनुक वाचायचं. २०२० मध्ये आफ्रिकेतल्या रुवांडात याच जनुकातला वेगळा बदल पसरू लागल्याचं कळलं, ते याच पद्धतीने.

इथेही ‘कशावरून?’ आहेच. ३डी७ हा एकच वाण आहे. डेटाबेसमधला ‘प्रमाण’ जीनोम म्हणजे जगातल्या सगळ्या परजीवींचा जीनोम नव्हे. म्हणून ‘मलेरियाजेन’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने भारतासह अनेक देशांतले २०,००० हून अधिक नमुने वाचून खुले ठेवले. प्रमाण मराठी माहीत असली की मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी आपोआप येत नाही, तसंच हे.

वर्गात कसं घ्याल?

तीन तासिका पुरतात. एक संगणक आणि प्रोजेक्टर असेल तरी चालतं. नेट नसेल तर पानं आधी छापून आणा.

पहिली तासिका : वाय-ओ-आर-१२८-सी चा पत्ता सोडवणं, १,७१६ चं गणित, मग एसजीडीवर पडताळा.

दुसरी तासिका : वरची सहा कोडॉनची ओळ दोन तक्त्यांनी वाचणं. अर्ध्या वर्गाला नेहमीचा तक्ता द्या, अर्ध्याला पॅरामेशियमचा, आणि काही सांगू नका. उत्तरं जुळत नाहीत म्हटल्यावर वाद होऊ द्या.

तिसरी तासिका : प्रत्येक गटाला यीस्टचं एक जनुक. दोन विधानं शोधायची, एक प्रयोगातून आलेलं आणि एक संगणकाने भरलेलं. वहीत तीन रकाने : काय म्हटलंय, कशावरून, आणि किती भरवसा ठेवावा. गुण तिसऱ्या रकान्याला जास्त द्या.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*हे परीक्षेत येतं का?* हे डेटाबेस येत नाहीत. पण डीएनए, कोडॉन, उत्परिवर्तन येतं, आणि ते घोकून पाठ करण्यापेक्षा असं एकदा हाताने केलं की विसरत नाही.

*सगळं इंग्रजीत आहे, मुलांना झेपेल का?* पूर्ण पान वाचायचं नाहीच. दहा-बारा शब्दांची मराठी यादी करून भिंतीवर लावा. संशोधकही पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाहीत, हवं तेच शोधतात.

*सुरक्षित आहे का?* ही माहिती यीस्टची आणि परजीवींची आहे, कुणा माणसाची खासगी माहिती त्यात बघायची नाही. फक्त पाहायला खातं उघडावं लागत असेल तर ते शिक्षकाने उघडावं, मुलांची नावं देऊ नयेत.

*फुकट कसं काय देतात?* फुकट नसतंच. क्युरेटरचे पगार, संगणक, वीज याचे पैसे बहुतेक सरकारी अनुदानातून येतात. अनुदान आटलं की पानं जुनी होतात, नव्या नोंदी थांबतात. आपल्या देशातही २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झालं, देशात तयार होणारी अशी माहिती देशात नीट जपण्यासाठी. गावचं वाचनालय जसं कुणीतरी चालवत असतं म्हणून उघडं असतं, तसेच हे डेटाबेस आहेत. मुलांना हेही सांगा. नोंदी ठेवणं हे नोकरीचं, अभ्यासाचं आणि मानाचं काम आहे.

शेवटी एवढंच. पुढच्या आठवड्यात कुणा मुलाने ‘सर, नेटवर असं लिहिलंय’ किंवा ‘मॅडम, मोबाईल असं सांगतो’ म्हटलं, तर त्याला गप्प करू नका आणि लगेच मान्यही करू नका. फक्त विचारा, ‘कशावरून?’ आणि तोच प्रश्न त्याने उद्या तुम्हाला विचारला, तर तुमचा धडा यशस्वी झाला असं समजा.

वर्गात करून बघा आणि मुलांनी तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं ते जरूर कळवा.